कागदावरचे आठ दिवस

गाठ मला राखेच्या बुधवारच्या, म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या, दोन दिवस आधी सापडली. सोमवारी अंघोळ करताना, डाव्या स्तनात, बगलेच्या अंगाला. हरभऱ्यापेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान. दवाखान्याच्या कागदावर मात्र लिहिलं आहे की गाठ आठ दिवसांपासून होती. तो कागद खोटा आहे आणि तो मी खोटा केला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं हात अडखळणार नाही.

माझं शिक्षण चौथी. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात मिशनची शाळा होती, तिथल्या सिस्टर माझं अक्षर चांगलं आहे म्हणायच्या. त्यानंतर सह्या आणि किराणाच्या याद्या सोडल्या तर मी काही लिहिलं नाही. माझी मुलगी ग्रेसी आकुर्डीला कॉलेजात जाते. तिची अर्धी कोरी राहिलेली वही मी घेतली आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. जिला अशी गाठ सापडेल आणि सांगायची लाज वाटेल, अशा एखाद्या बाईच्या हाती ही वही कधी पडली तर पडो. यात देवाबद्दल कडू लिहिलं जाईल. त्याला ते सोसेल. मीही पुष्कळ सोसलं आहे.

काय सोडणार

आम्ही रहाटणीत दोन खोल्यांत राहतो. माझे यजमान चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर आहेत, रंगाच्या कामाला. मीही चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. पहाटे कंत्राटदाराची गाडी यायची, त्यात आम्ही नऊ बायका दाटीवाटीनं बसायचो.

आमच्या भागातल्या कॅथलिक घरांचा एक प्रार्थना समूह आहे. फिलोमिनाताई त्याच्या प्रमुख. निवृत्त शिक्षिका, आवाज खणखणीत, मनानं वाईट नाहीत. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी समूह जमतो आणि येत्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत, कोण काय सोडणार ते प्रत्येकानं सगळ्यांसमोर सांगायचं असतं. कोणी चहा सोडतं, कोणी मालिका.

त्या वर्षी एक काका म्हणाले, "मी कारलं सोडतो."

"तुम्ही ते खाता कधी?" फिलोमिनाताई म्हणाल्या. सगळे हसले.

माझे यजमान दरवर्षी एकच शब्द सांगतात, "दारू." आणि पाळतातही. त्या दिवसांत ते येताना भाजी आणतात, स्वतःचा डबा स्वतः घासतात, ग्रेसीशी थट्टा करतात. ईस्टरच्या दुपारी पुन्हा सुरू होतं. वर्षातले चाळीस दिवस मला नवरा असतो. उरलेल्या दिवसांत मी त्याची वाट बघते.

"मार्था, तू काय सोडतेस?" फिलोमिनाताईंनी विचारलं.

मी खाली बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "ती काय सोडणार बिचारी? तिच्याकडं आहे काय सोडायला?" पुन्हा हसू. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मला ते लागलं.

घरी येताना मी यजमानांच्या चार पावलं मागून चालत होते. आदल्या दिवशी सापडलेली गाठ ब्लाउजच्या आत होती आणि मला वाटलं, माझ्याकडं आहे की. मी चालता चालता प्रभूला म्हणाले, ही गाठ मी ईस्टरपर्यंत कोणाला दाखवणार नाही. भीती वाटेल ती एकटीनं सोसेन. त्याच्या बदल्यात तू यांची दारू कायमची सोडव.

दुसऱ्या दिवशी फादरांनी कपाळाला राख लावली. डोळे मिटून मी तेच पुन्हा म्हटलं. देवाला दिलेला शब्द झाला.

हे वाचून कोणी मला मूर्ख म्हणेल. म्हणू दे. पण आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलं गेलं आहे. दुखलं खुपलं तर ते प्रभूला अर्पण कर, वाया घालवू नकोस. दात दुखला तर अर्पण कर, सासूनं बोललं तर अर्पण कर. हे नुसतं सोसण्यापुरतंच असतं, औषध टाळण्यासाठी नसतं, असं कोणी सांगितलं असेल तर त्या दिवशी मी शाळेत नव्हते.

ते दिवस

गाठ दुखत नव्हती. मला याची भलतीच काळजी वाटायची. दुखतच नाही तर अर्पण काय करायचं? माझा त्याग कमी पडेल म्हणून मी शुक्रवारी पाणीसुद्धा कमी प्यायचे आणि तव्याच्या धगीपुढं उभी राहायचे.

दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते. चौदा चित्रांपुढं थांबत थांबत प्रभूचं मरण आठवायचं. मी गुडघे टेकायचे आणि हळूच दंडानं दाबून बघायचे, वाढली का. वाढत होती. मला ते कळत होतं. शेवटच्या दोन आठवड्यांत चर्चमधले पुतळे जांभळ्या कापडानं झाकतात. झाकलेल्या मरियेकडं बघून मला वाटायचं, हिला सगळं माहीत आहे, आम्ही दोघी मिळून लपवतो आहोत. एवढा मोठेपणा आला होता मला.

आणि घरी यजमान सुधारलेले. एकदा त्यांनी ग्रेसीला अंडाभुर्जी करून घातली आणि म्हणाले, "तुझ्या आईला आज बसू दे." मी मोरीत जाऊन रडले. वाटलं, देव ऐकतो आहे.

ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेलो. चाळीस दिवस बंद असलेलं आलेलुया सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं. मी ख्रिस्तप्रसाद घेतला. घरी मटण शिजत होतं. यजमान नवा शर्ट घालून म्हणाले, "जरा जाऊन येतो."

मी दारात उभी राहिले. कधी नाही ते विचारलं, "कुठं?"

"अगं, ईस्टर आहे," ते म्हणाले. जणू मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी परत आले तेव्हा चपला घालूनच कॉटवर आडवे झाले. मी त्यांच्या चपला काढल्या. मटण कोणी खाल्लं नाही.

आठ दिवस

शब्द ईस्टरपर्यंतचाच होता. दुसऱ्या दिवशी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आता त्यात अर्पण काही नव्हतं, नुसता राग होता. देवानं त्याची बाजू पाळली नाही, तर मी कशाला जिवाची काळजी करू, असा तो राग. आणि खाली, रागाच्याही खाली, भीती. महिना असाच गेला.

मग गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली. एकदा कपडे बदलताना ग्रेसीनं बघितलं. ती ओरडली नाही. तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आई, हात वर कर." अर्ध्या तासात आम्ही तिघं रिक्षात होतो.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तपासताना त्यांचा चेहरा बदलला नाही, त्यावरूनच मला कळलं. त्यांनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

यजमान माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांच्या तोंडाला वास येत होता. मी म्हणाले, "आठ दिवस झाले."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं आणि लिहून घेतलं.

तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल सांगायचा दिवस आला तेव्हा बाकावर आमच्या आधी अकरा जण होते. नाव पुकारलं, आत गेलो, कॅन्सर आहे असं सांगितलं आणि बाहेर आलो. जितका वेळ बाकावर बसलो त्याच्या पावपटही आत लागला नाही. यजमान बाहेर आल्यावर म्हणाले, "आठ दिवसांत एवढं कसं वाढतं?" ते हे प्रत्येकाला विचारत राहिले. नातेवाइकांना, कंपाउंडरला, रिक्षावाल्याला. आणि प्रत्येक वेळी मी शेजारी गप्प.

कौसाबाई

डावा स्तन काढला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हा मी भिंतीकडं तोंड केलं, एवढंच.

वॉर्डात सकाळी सहाला झाडू, मग चहा, मग मोठे डॉक्टर, मग नुसतं पडून राहणं. माझ्या शेजारच्या खाटेवर कौसाबाई होत्या. चाकणजवळच्या जुन्या गावातल्या, साठीच्या पुढच्या. त्यांचंही तेच ऑपरेशन. त्या माझी जपमाळ बघायच्या.

"लई जप करती गं तू. काय मागती?"

"काही नाही."

"काय न्हाई म्हंजी? आमी तर समदं मागतो. पाय चेपायला सूनसुदिक मागितली हुती."

"मिळाली?"

"मिळाली की. पर ती तिचंच पाय चेपून घेती."

हसताना टाके ताणले गेले आणि मला बऱ्याच दिवसांनी कोणाशी तरी बोलावंसं वाटलं. ती बाई माझ्या धर्माची नाही, माझ्या गल्लीतली नाही, पुन्हा भेटणारही नाही. मी तिला सगळं सांगितलं. राख, शब्द, ईस्टर, आठ दिवस. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

कौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि एकदम चिडल्या. "येडी का खुळी तू? देवाला काय गाठी पाहिजेल व्हय गं? त्येला काय करायच्यात? आणि दारू पितोय नवरा, तर छाती तू का कापून देती?"

आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. मी लाजेनं मेले.

"माझ्या पोरीनं आसं केलं आस्तं तर मुस्काडात दिली आस्ती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुनेनं आणलेल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली. "खा आता."

या सगळ्या आजारात मला रागावलेलं एकच माणूस भेटलं. ते देवानं पाठवलं असेल तर ते त्याचे उपकार. बाकीचे सगळे माझं कौतुक करत होते आणि ते जास्त वाईट होतं.

कौतुक

केमोच्या दिवसांत केस गेले आणि तोंडात फोड आले. कॅन्टीनमध्ये माझ्या जागी दुसरी बाई लागली. गाडीत आता तिची जागा आहे.

फिलोमिनाताई समूहातल्या बायकांना घेऊन भेटायला यायच्या. कॉटभोवती बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायच्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "प्रभूनं तुला निवडलंय, मार्था. त्याच्या क्रुसाला खांदा द्यायला." मला वाटायचं ओरडून सांगावं, त्यानं नाही निवडलं, मीच आपण होऊन पुढं झाले आणि त्यानं बघितलंसुद्धा नाही. पण मी म्हणायचे, "चहा घेऊन जा."

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरी यायचे. ग्रेसी स्टुलावर पांढरं कापड घालायची, मेणबत्ती लावायची. एकदा फोडांमुळं मला तोंड उघडेना. मी मान हलवली, नको म्हणून. खरं सांगायचं तर मला फोडांचं निमित्त मिळालं होतं. मला तो नको होता. फादर वयस्कर, घाई न करणारे. त्यांनी त्या पांढऱ्या भाकरीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा मोडला, चमचाभर पाण्यात ठेवला आणि थांबले. बराच वेळ थांबले. चमचा धरलेला त्यांचा हात कापत होता. त्यांचा हात दुखत असेल या विचारानं मी तोंड उघडलं. भक्तीनं नाही. गिळताना जळलं, पण गेलं.

बरी होऊन चालू लागल्यावर मी कॉन्फेशनला, पाप कबूल करायला, गेले. जाळीपलीकडं तेच फादर. मी कुजबुजत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता." प्रायश्चित्त म्हणून मरियेची प्रार्थना तीन वेळा म्हणायला सांगितली. तीन वेळा! एका स्तनाला तीन. मी गुडघ्यावर बसून त्या म्हटल्या आणि घरी आले. हलकं वाटलं नाही. मग कळलं की ज्यांना खोटं सांगितलं ते जाळीपलीकडं नव्हते. ते घरी होते.

पुन्हा मंगळवार

वर्ष फिरून आलं. या वेळी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशीचा समूह आमच्याच घरी होता. मी डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यात बसले होते. काका कारल्यावरून पुन्हा तोच विनोद करू बघत होते. यजमान म्हणाले, "दारू."

मग फिलोमिनाताई म्हणाल्या, "या वर्षी आपण मार्थाचा आदर्श ठेवू या. एवढं दुखणं आलं, पण तोंडातून शब्द नाही. सगळं प्रभूला अर्पण केलं."

समोर जिन्यापलीकडच्या घरातली तरुण सून बसली होती, लेकुरवाळी. ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी पुतळ्याकडं बघायचे. ते मला सहन झालं नाही.

मी म्हणाले, "ताई, तसं करू नका."

माझा आवाज कोणाच्या ओळखीचाच नव्हता. मी जमिनीकडं बघत सांगितलं. गाठ मला मागच्या वर्षी याच मंगळवारच्या आदल्या दिवशी सापडली होती. मी ती लपवली. यांची दारू सुटावी म्हणून. ते आठ दिवस नव्हते, दोन महिने अठरा दिवस होते. माझ्यासारखं कोणी करू नये. कोणाला काही सापडलं असेल तर आज सांगावं, ईस्टरला नाही.

एवढंच बोलले. आयुष्यात सर्वांत जास्त.

फिलोमिनाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या काही बोलल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. यजमान उठून बाहेर गेले. कोणीतरी गीत सुरू केलं, ते कोणालाच नीट येईना.

सगळे गेल्यावर हे आत आले. प्यायलेले नव्हते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर शब्द मोडला असता."

"मी सांगितलं होतं का तुला माझ्यासाठी असलं काही कर म्हणून?" त्यांचा आवाज चढला. "सांग ना, मी मागितलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच मागितलं नव्हतं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की देवानंही मागितलं नव्हतं. राग धरायला कोणी उरलंच नाही, त्यामुळं मी जास्तच एकटी पडले.

दुरुस्ती

त्यानंतरच्या तपासणीला हे सुट्टी घेऊन माझ्याबरोबर आले. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. तपासून झाल्यावर मी म्हणाले, "मॅडम, पहिल्या कागदावर चूक आहे. आठ दिवस नव्हते." आणि खरं ते सांगितलं.

त्यांनी फाईल उलटी चाळली. "आठ दिवसांची गाठ अशी नसते, ते मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. मग यजमानांकडं बघितलं. "आम्हाला वाटलं, यांनी आणलं नाही. बहुतेक वेळा तसंच असतं."

वर्षभर दवाखान्यातल्या सिस्टर, वॉर्डबॉय, सगळे यांच्याशी तुटक का वागत होते ते मला तेव्हा कळलं. हे टोपी हातात घेऊन उभे राहिले.

मी विचारलं, "आधी आले असते तर?"

"नक्की नाही सांगता येणार. कदाचित स्तन वाचला असता." त्यांनी जुन्या ओळीवर रेघ मारली, वर नवीन लिहिलं आणि बाजूला सही केली.

येताना बसमध्ये हे खिडकीकडं बघत होते. पिंपरी गेल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "या वर्षी ईस्टरनंतरही सोडतो. तुझी शपथ."

मी त्यांचा हात खाली घेतला. "माझी शपथ नको. माझ्यासाठी काही सोडू नका. सोडायची असली तर तुमची तुम्ही सोडा."

त्यांना ते कठोर वाटलं असेल. असू दे. बदल्यात द्यायला आता माझ्याकडं एकच बाजू आहे आणि ती मला हवी आहे.

ईस्टरला अजून तीन आठवडे आहेत. काय होईल माहीत नाही. मी या वर्षी काही मागितलेलं नाही. मिस्साला जाते, ख्रिस्तप्रसाद घेते, बाकावर बसून प्रभूला बरंच टाकून बोलते. पूर्वी त्याच्याशी असं बोलायची छाती नव्हती. जिन्यापलीकडची सून त्या मंगळवारनंतर मला टाळते. परवा मात्र पाणी भरताना तिनं खालमानेनं विचारलं, "काकू, तपासायचं कसं असतं?" मी तिला घरात बोलावून दाखवलं.

आणि दर सोमवारी अंघोळ झाली की मी उरलेली बाजू तपासते. बाहेर येते आणि मोठ्यानं सांगते, "काही नाही." हे चहा पिता पिता मान हलवतात. ग्रेसी आतून म्हणते, "ऐकलं." देवाला वेगळं सांगत नाही. दोन खोल्यांचं घर आहे, त्यालाही ऐकू जातं.